मामंजींचं नाक

तंजावरकडच्या आमच्या मेलकावेरीत कुणाकडे श्राद्ध असलं की आठवडाभर आधी मामंजींना निरोप यायचा. मामंजी म्हणजे माझे सासरे, व्यंकोबा. श्राद्धाचा स्वयंपाक करणं हा त्यांचा धंदा. लग्नामुंजीची कामं त्यांनी कधी घेतली नाहीत. लग्नात जेवणाऱ्यांना तोंड असतं, असं ते म्हणायचे. अंगानं काटकुळे, कानांत लहानशा कुड्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत सोवळ्याचं धोतर आणि स्वतःचा झारा. पूर्वी सायकल मारत चोळपुरम्‌पर्यंत, तिरुवलंचुळीपर्यंत जायचे. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून बसनं जात.

श्राद्धाच्या जेवणाचे दोन नियम आहेत. ही सगळी हकीकत त्या दोन नियमांवरच उभी आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. पहिला नियम असा की ब्राह्मण जेवून पिंड होईपर्यंत त्या अन्नातला कण चाखायचा नाही. मीठ पडलं की राहिलं, डाळ शिजली की नाही, सगळं अंदाजानं आणि वासानं ओळखायचं. फार कर्मठ माणसं म्हणतात की वाससुद्धा घेऊ नये. पण कढईवर उभा राहून श्वास न घेणारा आचारी मी तरी पाहिलेला नाही. दुसरा नियम जेवणाऱ्यांना. त्या अन्नाला नाव ठेवायचं नाही आणि छान झालंय असंही म्हणायचं नाही. खाली मान घालून जेवायचं आणि उठायचं. म्हणजे मामंजींनी सगळं आयुष्य न चाखता रांधलं आणि चांगलं झालं की वाईट, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. मी असते तर चार दिवसांत झारा टाकून घरी आले असते.

मी त्यांची सून, मधुमिता. सकाळी शाळेत हिंदी शिकवते, संध्याकाळी घरी हिंदीच्याच शिकवण्या घेते. बाहेर तमिळ बोलते आणि घरात आमची तंजावरी मराठी, जी ऐकून पुण्याकडचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. ही लिहिते आहे ती मराठी मी पुस्तकांतून उचलली. सासूबाई, भवानी त्यांचं नाव, तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून घर माझ्या अंगावर आहे. दमले हा शब्द मी इतक्या वेळा वापरते की आता तो ऐकून कुणी मान वर करत नाही.

नवरा गोव्यात. गिरीश तिथं एका लहानशा भट्टीत जिन तयार करतो. रसायनशास्त्र शिकून मुलानं दारू गाळावी हे श्राद्धाच्या आचाऱ्याला कसं सांगायचं, म्हणून त्यानं वडिलांना सांगितलं की अर्क काढायच्या कंपनीत आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. तो सुट्टीवर आला की मामंजी संध्याकाळी विठोबाच्या भजनाला जरा लवकर निघत आणि जरा सावकाश परतत. आम्ही दोघं गच्चीवर काय करतो ते त्यांना ठाऊक होतं. ते विचारत नसत, आम्ही सांगत नसू. त्या व्यवस्थेत तिघांचंही बरं चाललं होतं.

गिरीशच्या पिशवीत दर खेपेला दोन-तीन बाटल्या असत, आणि प्रत्येक वेगळ्या मुलखाची. एकीत कोकमाची साल, एकीत डोंगरातली मिरी, एकीत नुसता गवती चहा. आज कुठली उघडायची हे ठरवण्यात अर्धी संध्याकाळ जाई. खरी मजा तीच होती. हवा कशी आहे, दिवस कसा गेला, नंतर खाली जाऊन काय रांधायचं आहे, सगळं त्यात मोजलं जाई. बाटली उघडल्यावरही गिरीश घाई करू देत नसे. आधी बर्फ नाही, टॉनिक नाही. पेल्यात घोटभर जिन, तेवढंच साधं पाणी, आणि नाक. मग त्याचे तीन प्रश्न. पुढं काय येतं? मध्ये काय आहे? मागाहून काय राहतं? सुरुवातीला मी प्रत्येक वेळी "औषधाच्या दुकानासारखं" एवढंच उत्तर द्यायची. तो म्हणाला, ते जुनिपर, जिनचं मूळ फळ, ते सगळ्यांत असतंच. त्याच्या पलीकडं जा. हळूहळू मी पलीकडं जायला शिकले. टॉनिक अगदी बेतानं, नाहीतर त्या गोडकडू पाण्याखाली सगळंच बुडतं. लिंबू तर मुळीच नाही. लिंबू एकदा आत शिरलं की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. परसातल्या महाळुंगाच्या सालीची एक पट्टी पुरते. दिवसभर पोरांचं पुल्लिंग-स्त्रीलिंग सुधारून घसा बसला की त्या एका पेल्यासाठी मी जिना चढायची. दुसरा कधी मागितला नाही, कारण खाली जाऊन दोसे घालायचे असत.

मागच्या वर्षी गिरीशच्या मालकाच्या डोक्यात आलं की आपली एक कावेरीकाठची जिन असावी. गिरीशनं फोनवर वडिलांना सांगितलं, "अप्पा, चांगला वाळा पाहिजे, दवणा पाहिजे, आपल्याकडची विड्याची पानं पाहिजेत. तुम्ही स्वतः निवडून पाठवा." मामंजी खूश. बाजारात जाऊन त्यांनी एकेक जिन्नस हातात घेऊन पाहिला. मी बरोबर होते. वाळ्याची जुडी नाकाशी धरली, खाली ठेवली, दुसरी धरली, आणि मग म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं, "तू तुझ्या घरास कोणती नेशील?" त्यानं दाखवली ती घेतली. मला वाटलं, मामंजी आता माणसं पारखायला लागले. कौतुकच वाटलं मला.

कारण मामंजींच्या नाकाबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. दारातून आत येताना ते सांगत की तूप कालचं आहे. आदल्या पावसाळ्यात तांदूळ भिजला होता हे ते शिजताना ओळखत. सासूबाई लटक्या रागानं म्हणायच्या की ह्या माणसाच्या घरात काही लपवता येत नाही, वास येतो. गिरीशला भट्टीवर नोकरी लागली तीही त्या नाकाच्या वारशावर, असं तो स्वतः सांगतो. तेव्हा नवीन जिनचे चार नमुने तयार झाल्यावर त्यातला एक कुणी निवडायचा, हा प्रश्नच नव्हता. मालकाला तो सांगून आला होता, माझे वडील म्हणतील तो.

तो आला ते सासूबाईंच्या तिथीसाठी. दर वर्षी तिथीला स्वयंपाक मामंजी स्वतः करतात. बाहेरचा आचारी नको, हात माझाच, असं पहिल्या वर्षीच त्यांनी सांगून ठेवलं होतं. तिथीला अजून चार-पाच दिवस होते. गिरीशनं दुपारी ओसरीवर पाट मांडला आणि पाच काचेचे पेले ठेवले. चारांत नमुने, पाणी घालून पातळ केलेले; वडिलांसमोर त्यांना तो अजूनही अर्कच म्हणत होता. पाचवा जरा बाजूला. तो कोरा. म्हणजे त्यात नुसतं मूळ मद्य आणि पाणी, वाळा नाही, पान नाही, काही नाही. चार वास घेऊन नाक थकलं की त्या कोऱ्यावर टेकवायचं आणि पुन्हा सुरू करायचं, अशी त्यांच्या धंद्यातली रीत आहे.

"पिणार नाहीं, हं," मामंजी म्हणाले.

"पिऊं नका अप्पा. वास पाहा आणि सांगा. पुरे."

मामंजी पाय धुऊन येऊन बसले. एक पेला उचलला, डोळे मिटले, ठेवला. दुसरा, तिसरा, चौथा. मग गिरीश काही बोलायच्या आत त्यांनी बाजूचा पाचवा उचलला. तो त्यांनी जास्त वेळ धरला. डोळे मिटलेलेच होते.

"हा," ते म्हणाले. "ह्यांत वाळा बरा उतरला. तुझी आई माठांत टाकत होती पाहा, तसा."

गिरीशनं माझ्याकडं पाहिलं. मी पाटाकडं पाहिलं. पेला कोराच होता, त्यात शंका नव्हती. त्याच्या बुडाला मीच सकाळी पांढरी चिकटपट्टी लावली होती.

"सरि अप्पा," गिरीशनं तमिळमध्ये होकार दिला. "हाच करूं."

मामंजी समाधानानं उठले आणि पंचा खांद्यावर टाकून बाहेर गेले.

संध्याकाळी गच्चीवर आम्ही बाटली उघडली नाही. गिरीश कठड्याशी उभा राहून नुसता नदीच्या बाजूला पाहत होता. मी एकेक आठवत बसले आणि जे आठवत होतं त्यानं माझाच संताप वाढत होता. गेल्या वर्षी तिथीच्या थोडं आधी मामंजींना ताप आला होता, आठवडाभर अंथरुणावर होते. त्यानंतरच्या एका दुपारी गॅस उघडा राहिला. शेगडीच्या पुढ्यात बसून ते कढीलिंब निवडत होते आणि मी शाळेतून आले ती दारातूनच ओरडत. तेव्हा मी त्यांच्या विसरभोळेपणावर भाषण दिलं होतं. दूध दोनदा करपलं. नासका नारळ खवला. वय झालं, असं म्हणून प्रत्येक गोष्ट मी बाजूला सारली होती. दमलेल्या माणसाला तेवढंच सुचतं.

आणि गावातले हनुमंतराव. तापानंतर त्यांच्या आईच्या श्राद्धाचं काम मामंजींनीच केलं होतं. त्यांची नात माझ्याकडं हिंदी शिकते. ती सहज बोलून गेली होती की आजोबांच्या घरचे तिळाचे लाडू कडूजहर होते आणि सगळ्यांनी ते गपचूप गिळले. मी तिला दटावलं. श्राद्धाच्या अन्नाबद्दल असं बोलू नये म्हणून.

"तिथी होऊं दे," गिरीश म्हणाला. "मग मी सांगतों त्यांस."

"तिथी होऊं दे म्हणजे काय?" मी म्हणाले. "तिथीचंच तर सगळं आहे. सोवळ्यांत ते एकटे असतात. आत कोणी जात नाहीं. चाखायचं नाहीं. तीळ काळे, भाजले तरी रंग दिसत नाहीं. ते काय पाहून उतरवणार?"

"इतक वर्ष केले आहेत. हातास सवय आहे."

"हनुमंतरावांच्या घरीं हातास सवय नव्हती कां?"

गिरीश पुन्हा नदीकडं वळला. भांडण झालं की तो गप्प बसतो आणि मग गोव्याला निघून जातो. राहते ती मी. वडिलांचा मान राखायचा म्हणून कोऱ्या पेल्याची जिन काढायला तयार झालेला हा माणूस, ह्याला मी काय समजावणार. मी खाली गेले आणि दोसे घातले. एकही नीट उलटला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी त्यांना गाठलं. मागच्या दारी सूप घेऊन ते तीळ निवडत बसले होते. कॉफी त्यांच्या बाजूला ठेवली आणि मीही पायरीवर बसले. बोलायचं काय ते रात्रभर जुळवलं होतं. प्रत्यक्षात त्यातलं काहीच निघालं नाही.

"मामंजी, काल तुम्ही सांगितला तो पेला कोरा होता."

सूप थांबलं नाही. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"आतां ठाऊक झाल. तुमचीं तोंड पाहिलों नाहीं कां." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मजला वास येत नाहीं, मधु. वर्ष होऊन गेल. तो ताप आला होता पाहा, तेव्हांपासून. पांचही पेले सारखेच झोंबले. तो एक गिरीशनं बाजूस ठेवला होता. समजलों, तोच त्यास आवडता असेल."

आदल्या दिवशीपासून साठवलेला सगळा राग कुठं ठेवायचा हा प्रश्नच होता. कॉफीवर साय धरत होती.

"सांगितलं कां नाहीं?"

"कोणास सांगूं? आचाऱ्याचं नाक गेल म्हणजे राहिल काय? आणि हिची तिथी आहे. बाहेरचा कोणी येऊन रांधणार. ती जन्मभर माझ्या हातच जेवली नाहीं, मीच तिच्या हातच जेवलों. आतां तरी मी करावं, नको कां?" मग सूप खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "एक विचारतों. खर सांग. गेल्या वर्षीं हिच्या तिथीचे लाडू कसे होते?"

मला त्या प्रश्नाची कल्पना नव्हती.

"श्राद्धाच्या अन्नास नांव ठेवूं नये म्हणता ना तुम्ही."

"मीच विचारतों आहे. तेव्हां मी खाल्लों, कडू लागले. पण तापानं तोंडच कडू होत. लाडू कडू कां तोंड कडू, मजला समजल नाहीं. पंक्तींत कोणी बोलल नाहीं. बोलायचंच नाहीं. पण दुसरा लाडू कोणी मागितला नाहीं, एवढ मी पाहिलों. डबा भरलेला राहिला. वर्षभर हेंच डोक्यांत आहे. तिला करपलेलं वाढलों काय?"

मी नियमाआड लपू शकत होते. तोंडच कडू असेल मामंजी, असं म्हणू शकत होते आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठू शकत होते. समोर बसलेला माणूस इतका थकलेला होता की खोटंसुद्धा त्यानं मुकाट्यानं घेतलं असतं.

"कडू होते," मी म्हणाले. "तीळ करपले होते."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले, आणि पुन्हा सूप हातात घेतलं. त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले.

संध्याकाळी शिकवणीची पोरं गेल्यावर मामंजींनी हाक मारली. ते भजनाला गेले नव्हते. ओसरीवर पुन्हा तोच पाट होता आणि गिरीश गुन्हेगारासारखा बाजूला उभा होता. पेले ह्या वेळी चारच.

"तुम्ही वर बसून काय करता तें मजला ठाऊक आहे," मामंजी म्हणाले. "वास घेऊन सांगता म्हणे. गिरीश बोलला. तू सांग पाहूं मजला. मी ऐकतों."

सासऱ्यासमोर पेला नाकाशी धरायला मला कसंतरीच झालं. पण धरला. आधी एका शब्दावर थांबले, मग त्यांनी खोदून विचारायला सुरुवात केली. दवणा म्हणतेस, तो देवळांतल्या हारांतला कां नुसता तोडलेला? पानाचा तिखटपणा शेंड्याचा कां देठाचा? वाळा ओला कां सुका? मला उत्तरं येईनात, मग मी पुन्हा वास घेई आणि येईल ते सांगे. पहिल्या नमुन्यात दवणा इतका होता की बाकी काही दिसेना. दुसऱ्यात महाळुंगाची साल पुढं येत होती, चांगली तरतरीत, पण मागाहून काही उरत नव्हतं. तिसऱ्यात आधी जुनिपर, मध्ये विड्याच्या पानाचा लवंगेसारखा चिमटा, आणि सगळं संपल्यावर, पेला खाली ठेवल्यावर, ओल्या मातीसारखा वाळा. चौथा पहिल्याचाच भाऊ.

"तिसरा," मामंजी म्हणाले. "पण दवणा कमी कर, गिरीश. तिनं सांगितल नाहीं त्यांत दवणा आहे म्हणून, पण असेल. चारींत तू टाकला असशील. तुला हात आखडायला येतच नाहीं."

गिरीश हसला. तिसऱ्यात दवणा होता. मलाच तो ओळखता आला नव्हता.

"मग आतां," मामंजी माझ्याकडं वळले, "तिथीला तू सोवळ्यांत उभी राहा. मी भाजतों, तू सांग. सुनेचा हक्कच आहे तो."

"मामंजी, मी हें पिते." पेल्याकडं बोट दाखवून मी म्हणाले. त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

"ठाऊक आहे म्हटलों ना. पुढचे चार दिवस पिऊं नको. नाक कांहीं पीत नाहीं." मग म्हणाले, "ही तिथी झाली कीं बाहेरचं काम सोडतों. हनुमंतरावांकडच्या लाडवांचंही गिरीश बोलला. त्यांच्याकडं जाऊन सांगून येतों. त्यांचीही आईच होती ती."

बाटल्या ट्रंकेत गेल्या. तिथीच्या दिवशी पहाटे विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन, ओलं लुगडं नेसून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले. अन्नावर तोंडाची वाफ जायला नको म्हणून तोंड बाजूला करून बोलत होते. अंग काकडलं होतं आणि मनात शाळेच्या तपासायच्या वह्या होत्या. मामंजींनी कढईत काळे तीळ टाकले. झाऱ्याचा आवाज सुरू झाला.

"पुढं काय येत?" त्यांनी विचारलं. गिरीशचेच शब्द.

"ओल्या धुळीसारखं. अजून कच्चे आहेत."

झारा फिरत राहिला. तीळ तडतडायला लागले. पूर्वी एवढ्यावर त्यांनी बरोबर ओळखलं असतं. आता ते माझ्याकडं कान करून उभे होते.

"आतां?"

"शेंगदाण्यासारखं. थोडं गोड. भरतंय."

"मागाहून?"

"मागाहून अजून कांहीं नाहीं. थांबा." मी डोळे मिटले. त्या क्षणी मला दमणूक आठवली नाही, वह्या आठवल्या नाहीत. त्या भरलेल्या वासाच्या पार मागं, बारीकशी, धुराची एक कड आली. "काढा. काढा मामंजी."

त्यांनी कढई उचलून तीळ परातीत ओतले. माझ्याकडं पाहिलं नाही. गूळ ठेचायला बसले, आणि मग वडे, खीर, कारल्याची भाजी, एकेक करून सगळ्याचं मी सांगत गेले आणि ते ऐकत गेले. मध्येच एकदा म्हणाले, "ही असती तर म्हणाली असती, इतक बोलत रांधतात काय."

ब्राह्मण जेवले. पिंड झाले. दुपार उलटून गेल्यावर घरच्यांची पानं मांडली. गिरीश, मी, आणि दोन-चार नात्यातली माणसं. वाढायला मामंजीच. ते नेहमीप्रमाणे खाली मान घालून वाढत होते. लाडवांचं ताट घेऊन आले, प्रत्येकाच्या पानात एकेक ठेवत गेले. माझ्या पानात ठेवला आणि पुढं गेले नाहीत. भाजीचं काही राहिलं असल्यासारखे तिथंच उभे राहिले. विचारायचं नाही हा नियम त्यांचा आणि सांगायचं नाही हा माझा. पंक्तीत कुणी बोलत नव्हतं.

मी लाडू मोडून खाल्ला. शेवटचा कणसुद्धा पानावर ठेवला नाही. मग मान वर न करता हात पुढं केला.

मामंजींनी माझ्या हातावर दुसरा लाडू ठेवला. मग गिरीशनं हात पुढं केला.